कबुली लिहून देण्याआधी

प्रिय वकीलसाहेब,
(हो, आता या हाकेची सवय करून घे.)

चोरीच्या केसमधला तुझा पक्षकार पाच महिने आत आहे आणि ‘कबूल करतो, सोडवा एकदाचं’ म्हणून मागे लागलाय. त्याचं गणित खोटं नाही. कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस सेट-ऑफमध्ये धरून, म्हणजे शिक्षेतून वजा करून, कोर्ट ‘भोगली तेवढीच शिक्षा’ देईलही. लढायचं तर तारखांवर तारखा. निर्दोष माणसंही कबुली देतात ती यामुळेच.

पण आधी बघ, तो आत का राहिलाय? कित्येकदा जामीन झालेला असतो, जामीनदार मिळालेला नसतो. तसं असेल तर अट शिथिल करून घेण्याचा अर्ज टाक. साध्या चोरीला कमाल शिक्षा ३ वर्षं. पूर्वी शिक्षा झालेली नसेल, तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ४७९ प्रमाणे एक तृतीयांश, म्हणजे वर्षभर काढलं की बंधपत्रावर सुटका. त्यासाठी कोर्टाला कळवणं तुरुंग अधीक्षकाचंही काम आहे. दुसरी केस चालू असेल तर मात्र ही वाट बंद, तेव्हा त्याला कोणत्या केसमध्ये आत ठेवलंय ते सांगणारं कस्टडी वॉरंट स्वतः वाच.

तरी तो ठाम असेल, तर पोलीस शेजारी नसताना बोल. कबुली दिली की तो दोषी ठरतो; पुन्हा चोरीत दोषी ठरला, तर कमीत कमी १ वर्ष सक्तमजुरी, वर ५ पर्यंत. पुढच्या वेळी एक तृतीयांशची सवलतही नाही. अपील करायचं तर तेही फक्त शिक्षेबद्दल. हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आणि दंड! नवे वकील इथे हमखास अडकतात. दंड न भरल्याबद्दलची कैद सेट-ऑफमधून वजा होत नाही. त्यामुळे ‘भोगली तेवढीच’ हे शब्द ऐकूनही माणूस पैशांअभावी परत तुरुंगाच्या गाडीत चढतो. घरच्यांना पैसे घेऊन थांबायला सांग. त्याआधी १९५८च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडण्याची मागणी करून बघ. ती मान्य झाली तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

कबुली नोंदवताना त्याच्याजवळ उभा राहा. ‘कबूल आहे साहेब, पण मी नुसता सोबत होतो, घेतलं त्यानं’ असं तो म्हणाला, तर ती कबुली नव्हे. लगेच उठून तसं सांग, आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) काय लिहिलंय ते त्याच दिवशी तपास.

तुझा,
काका