गोवा सुटला, मग मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच का राहिले?

तुमचा प्रश्न असा : १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तरी मोहन रानडे १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या कैदेत होते. सरकारने त्यांना सोडवलं का नाही?

सोडवायला जाणार कोण? लिस्बनमध्ये आपली वकिलातच नव्हती.

मी पणजीत राहतो. मांडवीपलीकडच्या बेतीच्या फेरीबोटीत आठवड्यातून दोन-तीनदा तरी चढतो. एक गाणं संपेपर्यंत पलीकडचा धक्का येतो. त्याच बेतीच्या पोलीस चौकीवर ऑक्टोबर १९५५ मध्ये हल्ला करताना रानडे जखमी होऊन पकडले गेले. माणूस सांगलीचा, गोव्यात मास्तर म्हणून आलेला आणि पोर्तुगीजांशी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरलेला.

आता त्याच्या आधीच्या तारखा बघा. पोर्तुगाल गोव्याबद्दल बोलायलाच तयार नाही म्हणून भारताने लिस्बनमधली वकिलात जून १९५३ मध्येच बंद केली होती. १९५५ च्या उन्हाळ्यानंतर दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात बंद करायला लावली. १५ ऑगस्टला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तेव्हा सप्टेंबर उजाडताच पणजीतलं आपलं कॉन्सुलेटही आवरलं. म्हणजे महिन्याभराने रानडे सापडले तेव्हा 'हा आमचा माणूस, भेटू द्या' म्हणणारा भारताचा एकही अधिकारी त्या मुलखात उरला नव्हता.

संबंध तुटले की तिसऱ्या देशाला मध्ये घालतात. भारताचं लिस्बनमधलं काम इजिप्तकडे गेलं, पोर्तुगालचं इथलं ब्राझीलकडे. पण शेजाऱ्याच्या हाती निरोप धाडून जेवढं काम होतं तेवढंच अशा व्यवस्थेत होतं. पत्र पोचतं, तगादा लागत नाही.

रानड्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात ठेवलं. गोवा मुक्त झाल्यावर त्यांची सुटका सोपी व्हायला हवी होती. माझ्या मते ती अवघड झाली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या लेखी गोवा गेलाच नव्हता, भारताने बळकावलेला पोर्तुगालचाच प्रांत होता. मग गोव्यातल्या गुन्ह्याची शिक्षा रद्द करणं म्हणजे हार कबूल करणं. आपल्या ताब्यात त्यांचे तीन हजारांहून जास्त सैनिक होते, ते मे १९६२ पर्यंत परतही गेले. त्याच वेळी रानड्यांचा सौदा का झाला नाही, हे मलाही खटकतं.

शेवटी धावपळ केली ती सरकारबाहेरच्या लोकांनी. गायक-संगीतकार सुधीर फडके रानड्यांच्या सुटकेसाठी नेमलेल्या विमोचन समितीसाठी झटत होते. होय, तेच बाबूजी. १९५४ च्या दादरा-नगर हवेलीच्या मोहिमेतही ते होते. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांना भेटले, तेव्हा त्यांनी रानड्यांसाठी शब्द टाकला. कॅथलिक पोर्तुगालला पोपचा शब्द टाळणं जड होतं. त्यात सप्टेंबर १९६८ मध्ये आजारी सालाझार सत्तेवरून गेला आणि त्याच्या जागी पंतप्रधान म्हणून कायतानो आला. यातलं नेमकं कशाने कुलूप उघडलं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. अण्णादुराई ३ फेब्रुवारीला वारले.

दोन्ही देशांची बोलणी व्हायला लिस्बनमध्ये हुकूमशाही उलथवणारी एप्रिल १९७४ ची क्रांती व्हावी लागली. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. सह्या दोन्हीकडच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या, मारियो सोआरेश आणि आपल्या यशवंतराव चव्हाणांच्या.

आज पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर पोर्तुगालचं कॉन्सुलेट आहे. आजोबांचा जुना जन्मदाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोर्तुगीज पासपोर्टच्या खटपटीला लागलेली तरुण पोरं तिथे भेटतात. कुठला कागद हवा, नावाच्या स्पेलिंगचं काय, हे ती एकमेकांनाच विचारत असतात. तिथून उतरून धक्क्यावर आलं की समोर बेती दिसते.