सातव्या महिन्यात माहेरी गेलेल्या फॉलोअरचं काय करायचं?

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर तीन पत्रं एकाच धंद्यातली निघाली, म्हणजे बाळंतपणाच्या आसपास काम करणाऱ्यांची, आणि तिघींचं दुखणं एकच, सोशल मीडिया. म्हणून तिन्ही एकत्र घेतलीत.

प्रश्न : ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशिकला इंदिरानगरमध्ये गरोदर बायकांचे व्यायामाचे क्लास घेते, स्तनपानाचं मार्गदर्शनही करते. इन्स्टावर 412 फॉलोअर्स आहेत, त्यातले निम्मे माझ्याच बॅचचे फिजिओ. ओळखीच्या एका मुलाने महिन्याचं कॅलेंडर बनवून दिलं, 30 दिवस 30 पोस्ट, त्यात फ्रेंडशिप डे पण आहे आणि मंडे मोटिव्हेशन पण. आठ दिवसांत दमले. नक्की काय टाकू आणि किती?

उत्तर : फ्रेंडशिप डेला गरोदर बाईने तुमच्याकडे बघून काय करायचं हे त्या मुलालाच विचारा एकदा. राग नाही त्याच्यावर, तो कपड्याच्या दुकानाला पण हेच कॅलेंडर देत असणार.

तुमच्या कामाचं कॅलेंडर जानेवारी-फेब्रुवारीचं नसतंच मुळी, ते आठवड्यांचं असतं. बाराव्या आठवड्यातल्या बाईला उलट्यांचं पडलेलं असतं, अठ्ठाविसाव्यात पाठ दुखते आणि झोप लागत नाही, आणि आपल्याकडे तर पहिलं बाळंतपण म्हणजे सातव्यात डोहाळजेवण झालं की पोरगी माहेरी, सव्वा महिना झाल्यावरच परत. म्हणजे तुमची क्लासवाली ऐन गरजेच्या वेळी नांदगावला नाहीतर सटाण्याला आईकडे बसलेली असते, रात्री तीनला बाळ रडतंय, नवरा नाशकात, आणि हातात फोन. ती बाई तुमची खरी वाचक. तिच्यासाठी टाका.

आता करायचं काय, तर एक साधी वही घ्या आणि पंधरा दिवस क्लासमध्ये, फोनवर, लिफ्टमध्ये जे जे प्रश्न येतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारून लिहू नका. 'मॅडम, चीक पिवळा घट्ट आहे, सासूबाई म्हणतात पिळून टाक.' 'दूध पुरत नाही वाटतं, बाळ सारखं रडतं.' 'सिझर झालंय, पट्टा कधी बांधू?' असे वीस जमले तरी दोन-अडीच महिन्यांचं काम झालं, कारण आठवड्याला दोनच टाकायचेत. रील उघडताना पहिलं वाक्य तेच ठेवायचं, जसंच्या तसं, 'नमस्कार मी डॉक्टर अमुक' वगैरे नंतर.

चिकाचंच घ्या. चाळीस सेकंद. समोर एक चमचा धरा आणि सांगा की पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाला एका वेळी एवढंच लागतं आणि एवढंच येतं, हा पिवळा चीक टाकायचा नाही, जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर घ्यायचं. पुढच्या रीलमध्ये 'दूध पुरतंय का' याचं उत्तर, रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा, पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होतेय आणि वजन वाढतंय तर पुरतंय. बस. आणि हो, सासूबाईंची चेष्टा करू नका रीलमध्ये, तशी रील चालते खूप पण बिचारी सून ती घरात दाखवू शकत नाही, आणि घरात दाखवता येणं हाच तर तुमचा फायदा.

एक पोस्ट मात्र कायम वर पिन करा : खूप डोकं दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर मेसेज करत बसू नका, दवाखान्यात जा, 108 ला फोन करा. आणि डीएममध्ये गोळ्या-औषधं सांगायची नाहीत, कोणी कितीही गळ घातली तरी.

तारखा हव्याच असतील तर तुमच्या कामाच्या घ्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, 2016 पासून चालू आहे, ती 8 ला संध्याकाळी आठवण म्हणून टाका. 11 एप्रिल सुरक्षित मातृत्व दिन, कस्तुरबांची जयंती. 5 मे सुईणींचा दिवस. 1 ते 7 ऑगस्ट स्तनपान सप्ताह. आणि नाशिकची म्हणून एक खास तारीख, 2027 चा कुंभमेळा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठी स्नानं आहेत, त्या दिवसांत पंचवटीकडचे रस्ते कसे होतात ते मागच्या 2015 ला आपण बघितलंय. ऑगस्ट 2027 ची तारीख मिळणाऱ्या बायकांना साधारण 2026 च्या दिवाळीच्या आसपास दिवस जातील, म्हणजे 'तुमचा दवाखाना गोदावरीच्या कुठल्या बाजूला आहे आणि दुसरा रस्ता कोणता' ही पोस्ट तुम्हाला वेळेत करता येईल, पुण्या-मुंबईच्या कुठल्या इन्फ्लुएन्सरला ती सुचणार पण नाही.

व्हॉट्सॲपकडे दुर्लक्ष करू नका. आई, मावशी, सासू तिथेच भेटतात. फक्त ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, त्यामुळे क्लासच्या पहिल्याच दिवशी नंबर सेव्ह करून घ्या.

इथे माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका छोट्या प्रसूतिगृहाचे मेसेज मी सांभाळायचे आणि फार हुशारी करून आठवड्यांप्रमाणे आपोआप मेसेज जातील अशी सोय केली होती, 'आता तुम्ही 36 आठवड्यांच्या, बॅग भरली का?' असं. एका बाईचं बाळ तिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं होतं. लिस्टमधून नाव काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही, माझ्या तर नाहीच. तिला तो बॅगेचा मेसेज गेला. तिने उत्तर दिलं नाही, तिच्या भावाने फोन केला, आणि ओरडला पण नाही तो, फक्त म्हणाला, ताई, एवढं बघा पुढच्या वेळी. तेव्हापासून आपोआप जाणारा एकही मेसेज मी ठेवत नाही, दर सोमवारी यादी हाताने बघते, आणि प्रत्येक मेसेजखाली 'हे मेसेज नको असतील तर नको एवढंच लिहा, कारण सांगायची गरज नाही' ही ओळ असते. तुम्हीही घाला.

प्रश्न : मी नाशिकरोडच्या एका मॅटर्निटी होमची रिसेप्शनिस्ट, पेज पण मीच बघते. मॅडम म्हणतात रोज बाळांचे फोटो टाक, लोकांना आवडतात. आणि 'पेढा की बर्फी, ओळखा पाहू' असा पोल घेऊ का? खूप कमेंट येतील.

उत्तर : पोल नको. अजिबात नको. गंमत म्हणून सुद्धा नको. गर्भलिंग निदानाची जाहिरात 1994 च्या कायद्याने बंद आहे, इंटरनेटवरची पण, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तुमच्या मॅटर्निटी होममध्ये सोनोग्राफी मशीन असेल तर तिथे पेढा-बर्फीचा पोल कोणी स्क्रीनशॉट काढून दिला तर मॅडमना खुलासे देत बसावं लागेल. मुलगा की मुलगी ते सांगणारे चायनीज कॅलेंडरवाले रील पण शेअर करू नका.

फोटोचं म्हणाल तर लेबर रूमच्या दारात सही घेऊ नका, त्या वेळी बाई कशावरही सही करेल. दहा-पंधरा दिवसांनी तपासणीला येते तेव्हा विचारा, आणि बाईला विचारा, नवऱ्याने 'हो हो टाका' म्हटलेलं चालत नाही. लेखी घ्या, 'नंतर काढायला सांगितलं तर काढू' हे पण लिहून द्या. नाव, वेळ, मनगटावरचा टॅग, मागच्या कॉटवरची दुसरी बाई, यातलं काहीच दिसता कामा नये. मला विचाराल तर रोज एक बाळ टाकण्यापेक्षा तुमच्या आयाबाई बाळाला दुपट्यात कसं गुंडाळतात तो व्हिडिओ एकदा टाका, बघा किती जणी सेव्ह करतात.

आणि पावडरच्या दुधाच्या कंपनीचं गिफ्ट हॅम्पर कोणी आणून दिलं तर फोटोत घेऊ नका आणि खरं म्हणजे घेऊच नका, बाटली आणि डब्याच्या दुधाच्या प्रचाराला 1992 च्या कायद्याने बंदी आहे.

प्रश्न : माझी आई पंचवटीत बाळंतिणीची आणि बाळाची मालिश करते, तीस वर्षं झाली. आता घरं कमी मिळतात, सगळे ॲपवरून बाई मागवतात. मी बारावीला आहे, तिचं पेज काढू का?

उत्तर : काढ की, पण फॉलोअर्सच्या मागे लागू नकोस, तुम्हाला महिन्याला चार-पाच घरं हवीत, चार हजार लाईक नकोत. गूगल मॅपवर नाव टाक, घरचा पत्ता नको, फक्त कुठल्या भागात येते ते, म्हणजे पंचवटी, मेरी, आडगाव नाका. आईच्या हातांचा व्हिडिओ घे, बाळाच्या ऐवजी बाहुली चालेल, तेल कोमट आहे का ते ती मनगटावर कसं बघते तेवढं जवळून दाखव. जुन्या चार घरांतल्या बायकांना दोन ओळी लिहायला सांग.

'पोट महिन्यात आत, गॅरंटी' असलं काही लिहू नकोस. सिझर झालेल्या बाईला डॉक्टरांना विचारूनच हात लावते, हे मात्र ठळक लिही, त्यानेच नवीन आया फोन करतील. आणि आईला सांग, बंद खोलीत कोळशाची शेगडी-धुरी आणि बाळाला मध चाटवणं दोन्ही बंद, वर्षाच्या आत मध नाहीच. ती चिडेल, म्हणेल तुला पण मीच चाटवला होता. चिडू दे. पेजवर नंबर तुझा टाक, आईचा नको, मालिश करताना तेलकट हाताने ती फोन उचलणार नाही आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल.