दुर्बिणीआधी मूठ

दुर्बीण कुठली घेऊ, असं विचारलंस. माझं ऐक, पहिलं वर्ष हातावर काढ. हात ताठ लांब केला की मूठ म्हणजे आकाशातले साधारण 10 अंश, मधली तीन बोटं 5, करंगळी 1. सप्तर्षींतले पुलह आणि क्रतू, म्हणजे चौकोनाच्या शेपटीविरुद्ध बाजूचे दोन तारे, त्या तीन बोटांत बरोबर मावतात. तीच रेषा क्रतूच्या पुढे जेमतेम तीन मुठी नेलीस की ध्रुव. मुंबईतून तो क्षितिजापासून दोनच मुठी वर असतो, तेव्हा उत्तरेला टॉवर असेल तर गच्ची बदल.

पण हे झालं दिशेतलं अंतर. खरं लांब-जवळ निराळंच. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृगातला राजन्य हा ठळक तारा बघ, मग व्याध. व्याध कितीतरी ठळक दिसतो, कारण तो 8.6 प्रकाशवर्षांवर, म्हणजे आपल्या शेजारीच आहे. राजन्य जवळपास शंभरपट लांब! त्याला उचलून व्याधाच्या जागी ठेवलं तर त्याच्या उजेडात आपली सावली पडेल. हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मला गच्चीवरून खाली उतरवेना.

देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह, मात्र गावाबाहेर, नोव्हेंबरच्या अमावास्येला शोध. अर्धा तास मोबाईल खिशातच राहू दे. थेट रोखून बघू नकोस, नजर किंचित बाजूला ठेव. बोटाने पुसल्यासारखा धुरकट डाग दिसेल. तो प्रकाश निघाला त्याला 25 लाख वर्षं झाली. वहीत तारीख आणि वेळ लगेच लिही.