‘त्यायच्या मेसेजमधी मी कुठीच नाई’

नवरा परदेशात ड्यूटीवर असलेल्या बायकांची एक तक्रार ठरलेली असते: तिकडून जेवण, कपडे, मच्छर एवढंच येतं, मनातलं काही येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातली एक तिशीतली बाई माझ्याकडे समुपदेशनाला हेच घेऊन आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा दक्षिण सुदानात, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, मलाकालच्या भारतीय तुकडीत.

“मॅडम, एवढं लंबं लिहितेत, पन त्याच्यात मी कुठीच नाई. मन उडालं असन काय?”

तिनेच मोबाइल पुढे केला. राहायला कंटेनरची खोली, रात्रंदिवस जनरेटरची घरघर. मलेरियाची गोळी चुकवली की हवालदारसाहेब फैलावर घेतात. लंगरात, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात, डाळ-रोटी असते, पण तिने दिलेला ठेचा कधीच संपला. पावसात गाड्या निघत नाहीत, कारण ‘माती आपल्या वावरावानीच काळी, टायर रुतते.’ आपल्या पशुवैद्यकांच्या शिबिरात लोक लांब शिंगांची गुरं घेऊन येतात. तिकडे लग्नात मुलीच्या बापाला गायी द्याव्या लागतात हे कळल्यावर त्याने लिहिलं होतं, ‘तुह्या बापानं तर तुले फुकटच देल्लं.’ हुंड्याचा विषय तूर्त बाजूला ठेवू, पण हे वाक्यसुद्धा ती तक्रारीचा पुरावा म्हणून दाखवत होती!

ठेचा कोणी कुटला होता, वावरात आत्ता कोण राबतंय, एवढंच मी विचारलं. ती गप्प झाली, मग हसली.

फौजी माणसाला गस्त कधी, कुठल्या रस्त्याने, हे सांगायची मुभा नसते. भीतीबद्दल तो आपणहून बोलत नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये दक्षिण सुदानच्या जोंगलेई भागात घात लावून केलेल्या हल्ल्यात पाच भारतीय जवान गेले, डिसेंबरमध्ये अकोबोच्या तळावर आणखी दोन. तिने हे मोबाइलवर शोधून वाचलं होतं, त्याला कळू दिलं नव्हतं. मग उरतं काय? गोळी, चिखल, डाळ. तेवढंच तो मोकळेपणाने देऊ शकतो, आणि ते तो हात न राखता देत होता.

अडचण दुसऱ्या बाजूलाही होती. व्हिडिओ कॉल आला की स्पीकर चालू आणि सासूबाईंसकट सगळं घर भोवती. म्हणून तो निजण्याआधी तिच्यासाठी वेगळं लिहायचा. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे साडेबारा. ही ते पहाटे चूल पेटवताना वाचायची आणि उत्तर द्यायची, ‘हो. इकडे सगळं ठीक.’ पोराचा ताप, कपाशीवरची बोंडअळी, सोसायटीचं कर्ज, काहीच कळवायची नाही. “त्यायले काहून टेन्शन द्याचं?”

मी तिला प्रेमाचं लिही असं सांगितलं नाही. उसनं प्रेम लगेच ओळखू येतं. दिवसातली एकच गोष्ट लिही म्हटलं, घडली तशी. ताप आला तर तोही कळव, सोबत काय औषध दिलं तेही. ‘काही लपवता काय’ याऐवजी ‘आज गुरं कोणी आणली होती’ असं विचार, म्हणजे त्याला उत्तर देता येईल.

तिने पहिल्यांदा लिहिलं ते हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, शिरल्याचं. उलट प्रश्नांची सरबत्ती: कोणत्या धुऱ्याकडून शिरले, किती नुकसान, जागलीला कोण होतं? पुढे कुंपणाच्या खर्चावरून दोघांचं चांगलं वाजलं. मला ते सुलक्षण वाटलं. आठवड्यातून एक कॉल ती आता कानात इअरफोन घालून, एकटीच घेते. त्यावरून सासूबाई रुसल्या, त्या अजून रुसलेल्याच आहेत.

एवढी धास्ती नको असं मी म्हणते, पण लक्ष हवंच. रोज लिहिणारा माणूस अचानक तुटक झाला, झोप नाही म्हणू लागला, विनाकारण चिडू लागला किंवा निरवानिरवीचं बोलू लागला, तर वाट पाहू नका. त्याच्या तुकडीतल्या ओळखीच्या साहेबांना कळवा. ओळख नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ पासून त्याचा वेगळा कक्ष आहे. तुमची स्वतःची झोप उडाली असेल, तरी तिथे फोन करता येतो.