फाइलचं नाव नको, तिचा पत्ता बघा

तुम्ही लिहिलंय की टास्क मॅनेजरमध्ये 'एसव्हीसीहोस्ट' नावाच्या तीस-चाळीस ओळी दिसतात, त्याच नावाची एक ईएक्सई फाइल, म्हणजे उघडली की चालू होणारा प्रोग्रॅम, डाउनलोड्स फोल्डरमध्येही सापडली आणि अँटीव्हायरस गप्प आहे. मग ती सुरक्षित आहे का, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी, त्या डाउनलोड्समधल्या फाइलवर डबल क्लिक करू नका. बाकीचं सावकाश बघू.

त्या तीस-चाळीस ओळींची काळजी सोडा. विंडोजच्या बऱ्याच सेवा, म्हणजे मागे चालणारी कामं, या एका फाइलमार्फत चालतात. पूर्वी अनेक सेवा एकाच ओळीत दाटीवाटीनं असायच्या. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून साडेतीन जीबी किंवा जास्त रॅम असलेल्या मशीनवर त्यांतल्या बऱ्याच वेगवेगळ्या चालवतात, म्हणून यादी एवढी लांबते. खरी फाइल मात्र सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत सिस्टिम३२ मध्ये असते, तिची ३२-बिटवाली जोडीदार सिसवॉव६४ मध्ये. टास्क मॅनेजरमध्ये ओळीवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' दाबा, म्हणजे कुठली फाइल चालली आहे ते कळेल. डाउनलोड्समध्ये या नावाच्या फाइलचं काहीही काम नाही. तुमच्या जागी मी असतो तर एवढ्यावरच तिला वाईट धरलं असतं.

मी कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात चार वर्षांपूर्वी जे पाहिलं, तेव्हापासून या बाबतीत मी कुणालाच 'बघू उद्या' म्हणत नाही. ऑफिसमधल्या मुलीला ई-मेलनं एक झिप आली, आत ड्रॉइंगची पीडीएफ. चिन्हही पीडीएफचंच. पण नावाच्या शेवटी पीडीएफच्या पुढे आणखी 'डॉट ईएक्सई' होतं आणि विंडोजनं ते लपवलं होतं. संध्याकाळपर्यंत अकरा वर्षांची ड्रॉइंग्ज कुलूपबंद झाली. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला लावलेली, तीही गेली. मालकांनी कुलूप उघडण्यासाठी मागितलेले खंडणीचे पैसे दिले नाहीत. पुढचे दोन महिने जुने जॉब, म्हणजे आधी बनवलेले भाग, व्हर्नियर या मापपट्टीनं मोजून ड्रॉइंग्ज नव्यानं काढली. त्या मुलीची काही चूक नव्हती. तिला जे दाखवलं गेलं ते तिनं पाहिलं. म्हणून फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आजच चालू करा.

आता सही, म्हणजे फाइल बनवणाऱ्यानं तिच्यावर केलेली डिजिटल सही. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब. नाव निवडून 'डिटेल्स' उघडा, सही वैध आहे असं लिहिलेलं हवं. गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, दागिना घेताना आपण हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा दागिन्याचा ओळख क्रमांक बघतो, तशीच ही सवय हवी. पण एक मोठा फरक आहे. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. डिजिटल सही फाइलच्या शुद्धतेबद्दल काहीच सांगत नाही. ती सांगते फाइल कुणाच्या नावची आहे आणि सहीनंतर तिच्यात बदल झालेला नाही, एवढंच. २०१७ मध्ये कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सीक्लीनर या प्रोग्रॅमच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी सही होण्याआधीच घातक कोड घुसवला होता. सही अस्सल, फाइल विषारी, आणि ती सुमारे २२.७ लाख मशीनवर गेली. उलट टॅबच नाही म्हणून फाइल वाईट, असंही नाही. विंडोजच्या स्वतःच्या कित्येक फाइलींची सही वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये असते आणि प्रॉपर्टीजमध्ये दिसत नाही. अशा वेळी मायक्रोसॉफ्टचं मोफत 'प्रोसेस एक्सप्लोरर' वापरा. चालू असलेल्या प्रोग्रॅमची सही ते कॅटलॉगसकट तपासतं.

माझा सर्वांत जास्त भरवसा आहे तो फाइलच्या ठशावर, म्हणजे हॅशवर. पॉवरशेल ही विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी उघडा, 'गेट-फाइलहॅश' ही कमांड इंग्रजीत टाइप करून एक स्पेस द्या, फाइल त्या खिडकीत ओढून सोडा आणि एंटर दाबा. यात फाइल चालत नाही, फक्त वाचली जाते. ६४ अक्षर-अंकांची एक ओळ मिळेल. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ही ओळ पार वेगळी येते. ती व्हायरसटोटल या वेबसाइटच्या शोधचौकटीत टाका. तिथे सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस इंजिनांचं मत एकत्र दिसतं, आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंसुद्धा. तीस-चाळीस लाल दिसले तर प्रश्नच मिटला. एक-दोनच लाल असतील आणि तीही फारशी माहीत नसलेली इंजिनं, तर चुकीची शंका असू शकते, विशेषतः लहान प्रोग्रॅमरनं बनवलेल्या टूलवर. सगळं हिरवं असेल, पण फाइल तिथे कालच पहिल्यांदा आली असेल, तर मी थांबतो, आठवड्यानं पुन्हा बघतो. आणि फाइल ओळख सांगते नामांकित सॉफ्टवेअरची, पण तिथे तो ठसाच सापडत नाही, हे मला लाल खुणांइतकंच वाईट वाटतं. लाखो लोक वापरतात ती फाइल तिथे आजवर कुणीच तपासली नाही, असं सहसा होत नाही.

शक्यतो ठसाच शोधा, फाइल अपलोड करू नका. अपलोड केलेली फाइल सुरक्षा कंपन्या आणि संशोधकांना मिळू शकते. कारखान्याचं खास सॉफ्टवेअर किंवा गिऱ्हाइकांची माहिती असलेलं काही तिथे जायला नको.

चालवून बघायचंच असेल तर विंडोज प्रोमध्ये सँडबॉक्स, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळी ठेवलेली खिडकी, आहे; ती खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ते नाही. मात्र काही मालवेअर (घातक प्रोग्रॅम) सँडबॉक्स ओळखून मुद्दाम शांत बसतं, त्यामुळे तिथे काही झालं नाही याला मी पुरावा मानत नाही.

ती फाइल आधीच उघडून झाली असेल तर वाय-फाय बंद करा, बॅकअपची डिस्क काढून ठेवा आणि विंडोज सिक्युरिटीतून 'ऑफलाइन स्कॅन' लावा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटांत ते होतं. बँकेचे आणि ई-मेलचे पासवर्ड या मशीनवरून नको, दुसऱ्या फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर रात्र असली तरी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत ते अडवता येतात का, हे त्या पहिल्या तासांवरच ठरतं.