वाचकांचे प्रश्न : मालवणला स्कुबाला जाऊ की नको?

प्रश्न : दादा, आम्ही सहा मित्र डिसेंबरात मालवणला स्कुबा (हवेची टाकी लावून समुद्राखाली डुबकी) करायला चाललोय, गाडी ठरली, अ‍ॅडव्हान्स पण भरला. पण माझी पुतणी कॉलेजात बायो शिकते, ती म्हणते काका तुमच्यासारख्या टुरिस्टांमुळेच कोरल मरायलेत. खरं काय? आणि पैसे भरले की आपल्या नावानं कोरल लावतात म्हणे, ते करावं काय?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : जावा की, नक्की जावा. पण पुतणीचं म्हणणं उडवून लावू नका, पोरगी अर्धं बरोबर बोलतेय.

कोरल म्हणजे दगड नव्हे, तो बारक्या बारक्या जिवांचा वाडा असतोय. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना खायला घालतं आणि रंगही देतं. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा एखादी डिग्री जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ते शैवाल निघून जातं, कोरल पांढरं पडतं, आणि पाणी लवकर निवलं नाही तर मरतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली असं जगभर झालं, २०२४ च्या एप्रिलात शास्त्रज्ञांनी चौथ्यांदा जाहीर केलं, आपल्या लक्षद्वीपलाही त्याची झळ बसली. हे काय तुम्हा सहा जणांमुळे झालेलं नाही. पण तापानं आधीच खंगलेल्या माणसाच्या अंगावर कोणी पाय दिला तर काय होईल, तेच तिथं होतंय. मालवणला जास्त करून पोराइटिससारखे गोल ढेकळागत कोरल आहेत, ते वर्षाला सेंटिमीटरभर वाढले तरी खूप झालं, म्हणजे फोटोसाठी तुम्ही क्षणभर पाय टेकवला तर कोरलची कित्येक वर्षांची वाढ गेली.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बोटवाल्यानं हातात ब्रेड दिला, मासे जवळ येतात, फोटो भारी येतो म्हणून, आणि मी घेतला. आज त्याचं फार वाईट वाटतं. कारण कोरलवर बाहेरून चढणारं शेवाळ (अंगातलं शैवाल वेगळं) खाऊन ते साफ ठेवणारे मासे असतात, त्यांना ब्रेडची सवय लावली की ते आपलं काम सोडतात आणि शेवाळ कोरलवर चढतं.

म्हणून बुकिंग करताना रेट विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा, बोट नांगर टाकते की बोयाला, म्हणजे पाण्यावर कायम तरंगणाऱ्या पिंपाला, बांधते, आणि एका इन्स्ट्रक्टरकडे एका वेळी किती माणसं. नांगर कोरलवर पडला तर एका फटक्यात जेवढं मोडतं तेवढं दहा डायव्हर मिळून मोडणार नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्याला इन्स्ट्रक्टर मागून धरून नेतो, तुम्हाला वर-खाली जाण्यावर ताबा नसतो, त्यामुळे कोरलला पाय लागतो की नाही हे बरंचसं त्याच्याच हातात असतं. पाण्यात जायच्या आधीच त्याला सांगून ठेवा, भाऊ, फोटो नाही आला तरी चालेल, मला कोरलवर उभं करू नको. जो वरती दहा मिनिटं बसवून नीट समजावून सांगतो त्याला दोनशे-तीनशे जास्त गेले तर देऊन टाका.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर. तिथल्या मच्छीमारांना सुरुवातीपासून भीती, की अभयारण्य म्हणजे आमचं जाळं बंद. त्याच घरातल्या पोराला जिवंत कोरल दाखवून चार पैसे मिळाले तर तो ते स्वतः राखेल, एवढ्यासाठीच मी जावा म्हणतो.

आता कोरल लावायचं. आपल्याकडे भाताचा तरवा टाकतात तसंच ते असतंय, मोडलेले तुकडे पाण्यातल्या नर्सरीत वाढवायचे आणि मग खडकावर नेऊन लावायचे. कच्छच्या आखातात आणि तमिळनाडूला मन्नारच्या आखातात शास्त्रज्ञांनी असं केलंय. पण चिखलणी न करता, पाणी नसलेल्या वाफ्यात कोणी रोप लावतं काय? जिथं नांगर रोज पडतोय, गाळ येतोय, तिथं लावलेलं रोप जगणार नाही. त्यामुळे नावाच्या सर्टिफिकेटला पैसे देण्याआधी विचारा, वर्षभरानं त्यातली किती जगली, मोजतं कोण, आणि त्यासाठी सरकारची परवानगी आहे काय. उत्तर मिळालं नाही तर तेच पैसे चांगल्या बोटवाल्याला द्या.

प्रश्न : किनाऱ्यावर पडलेला कोरलचा तुकडा शोकेसला आणला तर चालतो काय? आणि सनस्क्रीनचं काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : तुकडा आणू नका ताई, विकतही घेऊ नका. खडक बांधणारे कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे तीच अनुसूची. सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांनी कोरलला धोका आहे म्हणून अमेरिकेतल्या हवाई राज्यानं २०२१ पासून तसल्या क्रीमची विक्रीच बंद केली. डब्यावरची बारीक अक्षरं वाचत बसण्यापेक्षा फुल बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट घाला, क्रीम फक्त तोंडाला, ते पण बोट सुटायच्या अर्धा तास आधी.