पहिला वर्ग घेणाऱ्या भाऊला

होमगार्ड अन् पोलीस पाटलांचा प्रथमोपचाराचा पहिला वर्ग घेतोस ना भाऊ, मग लॅपटॉप बाजूले ठेव. पहिल्या तासाले शिकवू नको, नुसतं पाह्य. ‘माणूस पडला, श्वास नाही’ एवढं सांग अन् गप बस. कोण 108 लावते, कोण गर्दी हटवते, कोण पाणी पाजायले धावते, वहीत लिहून घे.

सीपीआरची, म्हणजे छाती दाबून जीव वाचवायच्या सरावाची, बाहुली नसली तर पोत्यात कुटार ठासून भर. जित्या माणसावर सराव कधीच नाही. मिनिटाले 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटीमीटर खोल. दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून माणूस बदलायचाही सराव घे.

माझ्या एका वर्गात लेखी पेपरात सगळे पास. दुसऱ्या दिवशी साप चावल्याचा प्रसंग टाकला, तर तिघांनी दुपट्टा काढून पाय करकचून आवळला! पेपरात ‘बांधू नये’ त्यांनीच लिहिलं होतं. तवापासून मी गुण हाताले देतो.

वर्ग मे महिन्यात, सकाळी 7 ले ठेव. धानाच्या रोवणीत कुत्रंही येत नाही. अन् तीन महिन्यांनी न सांगता जाऊन तोच प्रसंग पुन्हा टाक.